लोकलचे फोटो आणि उभं राहायची जागा : प्रकल्प नोंदी

रविवार, 1 जून 2025, बदलापूर

आज यादीला हात घातला. वाचनालयातल्या शनिवारच्या फोटोवर्गात दहा मुलं आहेत, आठवी ते दहावीतली. दिवाळीच्या आधी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं आहे आणि विषय त्यांनीच निवडलाय : लोकल. यांच्यापैकी बहुतेकांचे आईवडील सकाळची गाडी पकडून जातात आणि रात्री परततात. घराचं सगळं वेळापत्रक गाडीवर बांधलेलं असतं. दुसरा विषय निघाला असता तरच नवल होतं.

मुलांनी सतरा स्टेशनांची नावं लिहून दिली. वैतरणा, मुंब्रा, वांगणी, नेरळ, भिवपुरी रोड, खडवली, आसनगाव, कसारा, खोपोली, भायखळा, मशीद, आणखी बरीच. कुठे डोंगर दिसतो, कुठे खाडी, कुठे जुनी कमान, असा त्यांचा विचार होता आणि तो चुकीचा नाही. माझ्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. या सतरामधली अशी कुठली चार स्टेशनं आहेत जिथे दहा मुलांना घेऊन मी दोन तास निर्धास्त उभी राहू शकते?

शेजारच्या काकांना यादी दाखवली. ते मध्य रेल्वेत मोटरमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "नजारा नंतर सांग. पाय कुठे ठेवणार ते आधी सांग."

त्यांनाच बरोबर यायची विनंती केली. एका अटीवर तयार झाले : प्रत्येक स्टेशन आधी आम्ही दोघांनी बघायचं, मुलं नंतर.

गुरुवार, 5 जून

परवानगीचा अर्ज दिला. मुलं किती, कॅमेरे किती, कुठली स्टेशनं, कुठल्या तारखा, सगळं लिहिलं. फलाट तिकीट 10 रुपयांचं आणि दोन तासांचं असतं, पण नुसतं तिकीट खिशात ठेवून मोठी लेन्स लावलेले कॅमेरे घेऊन घोळक्याने फिरणं मला पटत नाही. कागद हातात असला की स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन सरळ सांगता येतं, आम्ही इथे आहोत, इतक्या वाजेपर्यंत आहोत.

अर्जासोबत पालकांसाठी एक पान केलं. त्यात रेल्वे कायदा 1989 मधलं कलम 147 साध्या भाषेत लिहिलं : परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाणं यातच येतं. आमच्याकडे अनेकांना ती रोजची वाट वाटते, म्हणून ते ठळक अक्षरात घातलं.

मंगळवार, 10 जून

काल सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. चौघे गेले, बरेच जखमी आहेत. आपल्याच मार्गावरची माणसं, आपल्यासारखीच कामाला निघालेली.

आज वर्ग नव्हता तरी सहा मुलं वाचनालयात आली. एकाचे बाबा त्याच वेळेच्या गाडीत होते, मागच्या डब्यात. घरी फोन लागेपर्यंत तासभर गेला, असं तो सांगत होता. मी फार काही बोलले नाही.

दोन गोष्टी मात्र ठरल्या. मुंब्रा यादीतून काढलं. तिथे एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. फास्ट लोकल 2022 पर्यंत 1916 च्या पारसिक बोगद्यातून जायच्या, आता त्याही मुंब्र्यावरून जातात. वळणावर येणारी गाडी फोटोत फार सुंदर दिसते, हे मला माहीत आहे. पण आता तिथे कॅमेरा लावून उभं राहण्याची माझी इच्छा नाही. दुसरं असं की दारात लटकलेल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत, काढलेच गेले तर लावायचे नाहीत. ज्याला आत जागा मिळाली नाही, त्याच्या नाइलाजाला आपण 'मुंबईची लोकल' म्हणून चौकटीत बसवायचं नाही. मुलांनी वाद घातला नाही.

रविवार, 15 जून, वांगणी

पहिलं स्टेशन, काका आणि मी. रविवार असल्याने मेगाब्लॉक, म्हणजे देखभालीसाठी गाड्या बंद, कुठे आहे ते आधी बघून घेतलं. ब्लॉक कल्याणच्या पलीकडे, मुंबईच्या बाजूला असला तरी आमच्या गाड्यांची वेळ पुढेमागे होते आणि मग फलाटावर गर्दी साचते. पुढच्या पाहण्या शक्यतो शनिवारी करायच्या.

वांगणीतून चंदेरीचा सुळका दिसतो. आज तासभर ढगात होता, मग अचानक उघडला, आणि खालची भातखाचरं, मधून रूळ, मागे तो काळा दात असं चित्र तयार झालं. मी कॅमेरा उचलला तेवढ्यात काकांनी माझ्या दंडाला धरून मागे घेतलं. मेल गाडी येत होती, न थांबणारी. मी पिवळ्या पट्टीच्या आत होते, धोका नव्हता, तरी ती गेल्यावर छत्री उलटी झाली आणि अंगावर गार पाण्याचा सपकारा बसला. गाडी गेल्यावरही फलाट क्षणभर थरथरत होता.

हेच ते स्टेशन. 17 एप्रिल 2021 ला एका दृष्टिहीन आईचा हात सुटून तिचं मूल इथे रुळांवर पडलं आणि समोरून एक्स्प्रेस येत असताना पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे रेल्वे कर्मचारी) मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर टाकलं आणि स्वतः शेवटच्या क्षणी चढले. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. आज ती जागा बघताना कळलं की फलाटाची कड किती उंच आहे. लहान मुलाला स्वतःहून वर येणं शक्यच नाही.

वांगणी दृश्याला उत्तम, पण न थांबणाऱ्या गाड्या भरपूर. मुलांसाठी नाही. काकांनी वहीत एक नवा रकाना आखला : 'न थांबता जाणाऱ्या गाड्या'. आता प्रत्येक स्टेशनात तासभर बसून त्या मोजायच्या.

शनिवार, 21 जून, खडवली आणि आसनगाव

कल्याणला गाडी बदलून कसारा बाजूला. खडवलीला भातसा नदीमुळे पावसाळ्यात शनिवार-रविवारी सहलीची गर्दी उतरते. भिजलेले घोळके, फलाटावर सेल्फी, गाडी आली की धावाधाव. अर्ध्या तासात निघालो.

आसनगावला माहुली समोर उभा असतो. किल्ल्याची ती दातेरी रेघ पावसात निळसर होते. इथे मला पहिल्यांदा वाटलं की मुलांना आणता येईल. कित्येक लोकल इथेच संपतात आणि इथूनच मुंबईकडे सुटतात, म्हणजे गाडी फलाटावर थांबून राहते. थांबलेल्या गाडीशेजारी मुलांना डोळ्यांना सवय करून घ्यायला वेळ मिळतो : काचेतलं प्रतिबिंब, खिडकीच्या दांड्या, मोटरमनच्या केबिनचं पुसलेलं अर्धवर्तुळ.

पुलावरूनही पाहिलं. पुलावर उभं राहताना कठड्याला पाठ लावून, एका ओळीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्ण वाट सोडून. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर झालेली चेंगराचेंगरी इथल्या कुठल्याही प्रवाशाला विसरता येत नाही. गाडी आल्यावर जिन्याशी माणसं दाटतात, त्या दोन-तीन मिनिटांत आपण पुलावर नसायचं. आणि पुलावर छत्री, मोनोपॉड, सेल्फी स्टिक काहीही वर किंवा कठड्याबाहेर करायचं नाही. खालच्या ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट असतात. पावसात इन्सुलेटरपाशी तो बारीक चुरचुर आवाज येतो ना, तो काकांनी मला थांबून ऐकवला. "हा आवाज मुलांना ऐकव. दहा सूचनांचं काम करेल."

न थांबणाऱ्या गाड्या इथेही आहेत, नाशिककडच्या. पण किमान अर्धी कामं थांबलेल्या लोकलवर होतात. पेन्सिलीने बरोबरची खूण.

रविवार, 29 जून, वैतरणा

मुलांच्या यादीतलं सर्वात आवडतं नाव. आमच्याकडून फार लांब पडतं, तरी दोन मुलींनी इतकं लावून धरलं होतं की बघितल्याशिवाय नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

नदी, पूल, खारफुटी, वर आभाळ. पण खरं चित्र पुलावर किंवा पुलाच्या तोंडाशी आहे आणि तिथे जायला रुळांतूनच जावं लागतं. वैतरणा आणि सफाळे यांच्यामध्ये, दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव गाव आहे. तिथली माणसं रेल्वे पुलावरून चालत येतात-जातात, कारण त्यांना रस्ताच नाही. दप्तर घेतलेली पोरं, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया. मी तिकडे बघत बराच वेळ उभी होते. ज्यांना इलाज नाही ते जीव मुठीत धरून या पुलावरून जातात. आपण एका फोटोसाठी तिथे पाय ठेवायचा नाही.

वैतरणा रद्द. मुलींना कारण मी स्वतः सांगेन.

शनिवार, 5 जुलै, भिवपुरी रोड

उद्या आषाढी. सकाळच्या गाडीत टाळ घेतलेले चारजण कर्जतच्या दिशेने निघाले होते, डब्यात हळू आवाजात अभंग चालू होता.

भिवपुरीला सातच्या सुमारास उतरलो. पश्चिमेला माथेरानची रांग, तिच्यावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे उतरणारे धबधबे. पूर्वेला मोकळी शेतं आणि लांब सह्याद्रीची मुख्य भिंत. उतरलेली माणसं पाच मिनिटांत पांगली आणि स्टेशन रिकामं झालं. फक्त बेडूक आणि पत्र्यावरून गळणारं पाणी.

इथे मी होकायंत्र काढून नीट बसले, कारण प्रकाशाचा हिशेब इथे मस्त जमतो. कल्याण ते कर्जत मार्ग साधारण आग्नेयेला जातो. म्हणजे सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचं तोंड सावलीत राहतं, मात्र तिची पूर्वेकडची बाजू सबंध उजळते. आपल्या गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मुंबईकडे जाणारी गाडी डोंगराच्या बाजूच्या रुळावर येते. समोरच्या, म्हणजे कर्जतकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं की आपल्या आणि त्या गाडीच्या मध्ये एक अख्खा रूळ मोकळा असतो, ऊन पाठीमागून येतं, गाडीची बाजू चमकते आणि तिच्या मागे डोंगर. कडेला जायची गरजच उरत नाही. उलट जितकं मागे जाल तितका डोंगर चौकटीत नीट बसतो.

संध्याकाळचं उलट आहे. सूर्य लवकर माथेरानच्या मागे जातो, फलाट अंधारतो, मुंबईहून परतणाऱ्यांची गर्दी सुरू होते. इथे फक्त सकाळ.

काकांनी फलाटाची पाहणी त्यांच्या पद्धतीने केली. पिवळ्या खडबडीत लाद्यांपासून मागे तीन पावलं टाकली आणि खडूने बारीक खूण केली. मग त्या खुणेवर मला उभं केलं आणि स्वतः फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन, मोटरमनला जिथून फलाट दिसू लागतो तिथून माझ्याकडे बघितलं. परत येऊन म्हणाले, "इथे उभं असलेलं माणूस प्रवासी दिसतं. दोन पावलं पुढे आलं की उडी मारणारं दिसतं." मी विचारलं, मग काय करता? "हॉर्न. हात ब्रेकवर. छातीत धस्स. आणि पुढच्या स्टेशनापर्यंत ते जात नाही."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. फलाटाच्या कडेला वाकून फोटो काढणाऱ्याला वाटतं, आपण आपला जीव सांभाळतोय ना, मग झालं. पण केबिनमध्ये बसलेल्या माणसावर त्याचा घाव पडतो. फ्लॅशचंही तेच. समोरून फ्लॅश पडला की त्याला क्षणभर पुढचं काही दिसत नाही, आणि त्याच्या मागे बारा डबे भरून माणसं असतात. वर्गात हे काकांनीच सांगायला हवं.

एक त्रुटी आहे. स्वच्छतागृह बघून आले, मुलींना सोयीचं नाही. कर्जतला जाऊन मग इकडे परत यायचं असा क्रम ठेवावा लागेल. हा रकानाही वहीत आधीपासून असायला हवा होता.

वाटेवरच्या नेरळबद्दल एक ओळ : माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून सुटत नाही, म्हणून आत्ता जाण्यात अर्थ नाही. 1907 ची ती दोन फुटी लाईन पुढच्या वर्षी.

शनिवार, 12 जुलै, बदलापूर

एक तांत्रिक कोडं सुटलं. मुलांच्या सरावाच्या फोटोंत गाडीच्या कपाळावरची अक्षरं तुटलेली येतात. कर्जत गाडीचा 'एस', कसाऱ्याचा 'एन', शेजारी वेळ, हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि फोटोत अर्धंच उमटतं. मुलांना कॅमेरा बिघडलाय असं वाटत होतं.

कारण असं की इंडिकेटरमधले एलईडी सतत पेटलेले नसतात. ते ओळीओळीने फार वेगाने लागत-विझत असतात. शटर 1/500 वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडं असलं तर त्या क्षणी पेटलेल्या ओळी तेवढ्या पकडल्या जातात. आज आम्ही 1/500 पासून खाली येत गेलो. 1/250 ला थोडं तुटलं, 1/100 ला अक्षरं पूर्ण आली. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही तसंच झालं.

पण 1/100 ला धावणारी गाडी पुसट होते. म्हणजे अक्षरं हवी असतील तर गाडी हळू झालेली हवी. फलाटात शिरून थांबत आलेली, किंवा नुकती सुटलेली. काकांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तुला जिथे चांगला फोटो मिळतो, तिथेच मला कमी भीती वाटते."

आता यादीकडे बघायची माझी पद्धतच बदलली. जिथे गाडी हळू होते ती स्टेशनं शोधायची.

शनिवार, 19 जुलै, खोपोली

हळू होण्याचा विचार धरला तर शेवटचं स्टेशन सगळ्यांत उत्तम. खोपोलीच्या पुढे रूळच नाहीत. न थांबणारी गाडी इथे येणंच शक्य नाही.

मुंबईपासून 100 किलोमीटरवर कर्जत, तिथून मुख्य मार्ग पळसदरीवरून खंडाळ्याच्या घाटाला लागतो, 1:37 चा चढ, मागून बँकर इंजिनं ढकलणारी. लोकलचा फाटा मात्र पळसदरीनंतर वेगळा होऊन खालच्या खालीच राहतो : केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. एकेरी मार्ग, मोजक्या गाड्या. डोलवलीला आमच्या डब्यात चढलेल्या आजींनी टोपलीतली रानभाजी खाली ठेवून मला बसायला जागा करून दिली आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आमच्या गाडीचा काढता का? बरं आहे." त्यांनी 'आमची गाडी' म्हटलेलं लिहून ठेवते आहे.

खोपोलीत गाडी अगदी सावकाश शिरते. समोर घाटाची हिरवी भिंत, तिच्यावर ढग अडकलेले. ज्या पाण्याने 1915 पासून इथलं वीजघर फिरतंय, तो सगळा डोंगर आज गळत होता. गाडी थांबली, माणसं उतरली, मोटरमन एका टोकाची केबिन बंद करून बॅग खांद्याला लावून दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. फलाटभर ओलं प्रतिबिंब. मी 1/30 वर ठेवून सुटणाऱ्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवला. डोंगर वाहून गेल्यासारखा रेघारेघांचा आणि मधोमध एक खिडकी स्पष्ट, तिच्यात हनुवटी टेकवून बसलेला एक मुलगा.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत मुलांना शांतपणे बसवून कॅमेऱ्यात काय आलं ते बघता येईल. गर्दीच्या स्टेशनात ही सवड कधीच मिळत नाही. खोपोली नक्की.

शनिवार, 26 जुलै

मुलांना घेऊन पहिली फेरी. कुठलं स्टेशन ते लिहीत नाही, चूक स्टेशनची नव्हती.

सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं. तीन पावलांची रेघ, भिंतीला पाठ, पाच जोड्या. मग ऊन आलं. पावसात अर्धा तास दबकून बसल्यावर अचानक पिवळं ऊन पडलं, समोरून गाडी शिरत होती, आणि मी माझा कॅमेरा डोळ्याला लावला. पंधरा सेकंद असतील. तेवढ्यात आठवीतला एकजण खालून कोन मिळावा म्हणून उकिडवा बसला आणि बसल्या बसल्या पुढे सरकत गेला, पार पिवळ्या लाद्यांवर. त्याचं सगळं लक्ष समोरच्या रुळावरच्या गाडीकडे होतं. आमच्या बाजूच्या रुळावर दुसऱ्या दिशेने मालगाडी येत होती. एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज कळत नाही.

काकांनी त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागे ओढला. तो पाठीवर पडला, कोपर खरचटलं. मालगाडी त्यानंतर बऱ्याच क्षणांनी आली, म्हणजे थोडक्यात वाचला वगैरे असं नाही. पण त्याने तिला पाहिलं नव्हतं, आणि मीही पाहिलं नव्हतं.

बारा डब्यांच्या लोकलपेक्षा मालगाडी जायला किती तरी जास्त वेळ लागतो. ती संपेपर्यंत आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो आणि त्याचा हात मी धरून ठेवला होता. नंतर कॅमेरे पिशव्यांत घातले आणि पुढच्या गाडीने परत आलो. त्याच्या घरी मी स्वतः गेले, त्याच्या आईला जसं झालं तसं सांगितलं.

सोमवार, 28 जुलै

काका संध्याकाळी आले. रागावतील असं वाटलं होतं. वही उघडून म्हणाले, "केबिनमध्ये मोटरमन आणि मागे गार्ड, दोघं का असतात? एकाचं लक्ष पुढे, एकाचं मागे. तुम्ही सगळेच पुढे बघत होता."

बदललेले नियम. माझा कॅमेरा फेरीला घरी राहील, कायमचा. जोडीतला एकजण फोटो काढतो तेव्हा दुसऱ्याने दोन्ही बाजूंचे रूळ बघायचे आणि आपला हात पहिल्याच्या दप्तराच्या पट्ट्यावर ठेवायचा, दर गाडीला अदलाबदल. बसून फोटो काढायचा नाही. खालचा कोन हवा असेल तर उभ्यानेच मोबाइल उलटा धरून गुडघ्यापर्यंत खाली न्यायचा, लेन्स आपोआप जमिनीजवळ येते. स्क्रीनकडे बघत चालायचं नाही, कानात काही घालायचं नाही. दोन गाड्या एकदम आल्या तर कॅमेरा खाली.

त्या मुलाने स्वतः एक नियम सुचवला : "ऊन पडलं की आधी मागे बघायचं." तो तसाच लिहिला.

बुधवार, 20 ऑगस्ट

दोन दिवस पावसाने मुंबई बुडवली. काल लोकल ठिकठिकाणी बंद पडल्या. आमच्या इमारतीतल्या तीन जणी रात्र कामाच्या ठिकाणीच काढून आज पोचल्या. या शनिवारची फेरी रद्द. 27 तारखेला गणपती बसतात आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, त्या दिवसांत फलाटावर उभं राहायची जागा आपण अडवायची नाही. थेट त्यानंतर.

मधल्या वेळात वर्गात कॅमेऱ्यांची निगा घेतली. एसी डब्यातून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसायचं नाही, कॅमेरा पिशवीतच दहा मिनिटं राहू द्यायचा. दुधाची जाड पिशवी धुऊन, भोक पाडून, रबरबँडने लेन्सला बसवली की मोबाइल आणि छोटा कॅमेरा दोन्हींना रेनकोट होतो. दहा पिशव्या तयार.

रविवार, 14 सप्टेंबर, भायखळा

शहरातलं एक स्टेशन हवं होतं. सीएसएमटी मुलांना हवं होतं, पण रविवारीही तिथे दहा मुलांना एका जागी ठेवणं अवघड आहे. भायखळा ठरलं. या मार्गावरची पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्याच काळातलं हे स्टेशन. मूळ रूप सांभाळून केलेल्या दुरुस्तीसाठी 2022 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला.

इथे मुलांना मी गाडीकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. लाकूडकाम, ओतीव लोखंडाचे खांब, दगड, आणि गाडी फक्त खांबांच्या मधून गेलेली एक जांभळी-पांढरी पट्टी. एका मुलीने तिकीट खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर हातांनी झिजून झालेला गुळगुळीत खळगा टिपला. चौकटीत गाडी नाही, तरी तो लोकलचाच फोटो आहे.

दप्तराच्या पट्ट्यावर हात ठेवायची सवय आता अंगवळणी पडली आहे. मला एकदाही बोलावं लागलं नाही.

शनिवार, 27 सप्टेंबर, खोपोली आणि भिवपुरी रोड

कर्जतला थांबून मग खोपोली, परतताना भिवपुरी. पाऊस ओसरतोय, गवताला तुरे आलेत, हवा धुऊन निघाली आहे. खोपोलीच्या स्टेशनात परवानगीचं पत्र दाखवल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांनी मुलांना सावलीतला बाक मोकळा करून दिला आणि पुढची गाडी कधी येणार ते स्वतः येऊन सांगितलं.

भिवपुरीला पोचेपर्यंत ऊन वर गेलं होतं, सकाळचा तो प्रकाश नव्हता. तरी जुलैत ज्याचं कोपर खरचटलं होतं, त्याने भिंतीला टेकून, उभ्याने, मुंबईकडे निघालेली गाडी टिपली : मागे माथेरानची रांग, गाडीच्या शेवटच्या दारात उभा गार्ड, हातात हिरवा झेंडा.

रविवार, 12 ऑक्टोबर

शेवटची निवड. 46 फोटो, चार स्टेशनं : आसनगाव, भिवपुरी रोड, खोपोली, भायखळा. आसनगावची फेरी मागच्या शनिवारी झाली, माहुली त्या दिवशी पूर्ण उघडा होता, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही घडलं नाही. हेच हवं होतं.

प्रवेशाशी एक तक्ता लावतोय. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तिला यंदा 100 वर्षं झाली. त्याखाली मुलांचे नियम त्यांच्याच अक्षरात. आणि वैतरण्याची कोरी चौकट, हा त्या दोन मुलींचा आग्रह. तिच्याखाली त्यांनी लिहिलंय : 'वाढीव गावाला रस्ता झाला की काढू.'

प्रिंट 12 बाय 18 इंची, मॅट कागद. शनिवारी, 18 तारखेला सकाळी दहाला हॉल उघडेल. काका सुताराकडून पट्ट्या आणायला गेले आहेत. डोलवलीच्या आजींसाठी 'आमची गाडी' अशा ओळीचा एक जास्तीचा प्रिंट काढून ठेवला आहे, पुढच्या फेरीत बरोबर न्यायचा.